पोपटी रेल्वे

आज माझीच एक चूक सांगते.

तिसरीच्या वर्गाला रेल्वेचं चित्र काढायला दिलं होतं. एका मुलाने अख्खी गाडी पोपटी रंगवली. मी सहज बोलून गेले, "अरे, अशी पोपटी रेल्वे असते का कुठे?" वर्ग हसला. त्याने वही उलटी करून ठेवली.

रात्री काही चैन पडेना, म्हणून मोबाईलवर शोधायला बसले. तर असते की हो! जपानमध्ये होती, आणि एखाद-दुसरी नाही. तिथल्या सरकारी रेल्वेने १९६३ साली १०३ मालिकेची विजेवरची उपनगरी गाडी आणली. १९८४ पर्यंत तिचे ३,४४७ डबे तयार झाले. स्थानकं जवळजवळ आणि गर्दी अफाट, म्हणून डब्याच्या प्रत्येक बाजूला चार रुंद, सरकते दरवाजे.

मला आवडले ते तिचे रंग. टोकियोत गोल फेरी मारणाऱ्या यामानोते मार्गावर ती पोपटी. चुओ जलद मार्गावर नारिंगी, केइहिन-तोहोकुवर आकाशी, चुओ-सोबूवर पिवळी. गाडी एकच, रंग मात्र मार्गाचा! ही पद्धत तिच्या आधीच्या १०१ मालिकेपासूनची. म्हणजे पाटी वाचता न येणारं पोरही रंग बघून आपली गाडी ओळखू शकतं. (आपल्या पहिलीच्या वर्गात हे किती उपयोगी पडेल, बघा.) लोकांचा रंगावर एवढा भरवसा, की दुसऱ्या मार्गाचे डबे रंग न बदलता आणावे लागले, तर ही गाडी कोणत्या मार्गाची ते सांगणारे कागद त्यांच्यावर चिकटवत.

१९८५ साली यामानोतेवर स्टेनलेस स्टीलची २०५ मालिका आली. अंगभर रंग गेला, पण पोपटी पट्टा राहिला. आजही त्या मार्गाचा रंग तोच आहे.

दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला फोटो दाखवले आणि सांगितलं, "काल बाई चुकल्या." पोरं फोटोवर तुटून पडली. तो मुलगाही बघत होता, हसलासुद्धा. मला वाटलं, झालं.

पण परवा चित्रकलेच्या तासाला त्याने घर काढलं आणि जांभळा खडू हातात धरून माझ्याजवळ आला, "बाई, हा चालेल का?"

आधी तो कधीच विचारायचा नाही.