नानांची बोरं आणि वानरांचा पिंपळ

बर्‍याच दिवसांनी लिहितोय. निमित्त भाच्याचं. नोकरीच्या मेडिकलमध्ये त्याला ठिपक्यांतले आकडे दिसले नाहीत आणि हाती आलेली नोकरी गेली. (ती चाचणी इशिहारा नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९१७ साली काढलेली. शंभर वर्षं उलटली, पोरांचे निकाल अजून लावतेच आहे!)

त्याहून वाईट म्हणजे ताईने मनाला लावून घेतलंय. कुणीतरी तिला सांगितलं, हे आईकडून येतं.

येतं खरं, पण ताईकडे ते आलं नानांकडून. लाल आणि हिरवा ओळखणारी जनुकं एक्स गुणसूत्रावर शेजारी शेजारी असतात. नानांनी आपला एक्स ताईला दिला आणि मला वाय, म्हणून मी सुटलो. ताईचा दुसरा एक्स आईचा, तो चांगला, त्यामुळे तिला सगळे रंग दिसतात. मुलाला दोनांतला कोणता जाईल, हे निम्मं-निम्मं. नाना बोरं नेहमी दाबून बघूनच तोडायचे, ते आत्ता आठवतंय.

आमच्या येलदरीला धरणाच्या रस्त्यावर फाल्गुन-चैत्रात पिंपळाला तांबूस पालवी फुटते आणि वानरं बरोब्बर तीच ओरबाडतात. अशी कोवळी पानं हिरव्यात उठून दिसावीत म्हणून ही नजर टिकली, असं काही शास्त्रज्ञ मानतात. काही म्हणतात, पिकल्या फळांसाठी. तीन-चार कोटी वर्षांपूर्वी कधीतरी एका जनुकाची दुसरी प्रत तयार झाली, तिच्यात थोडा फरक पडला, आणि आशिया-आफ्रिकेतली माकडं, वानरं, पुढे आपण, सगळ्यांना लाल-हिरवा वेगळा दिसू लागला. गाई-म्हशींना तो आजही दिसत नाही.

मध्य आणि दक्षिण अमेरिकेत गंमत वेगळीच. तिथल्या बहुतेक माकडांत एक्सवर हे जनुक एकच, पण त्याचे प्रकार अनेक. मादीच्या दोन एक्सवर दोन वेगळे प्रकार आले तर तिला लाल-हिरवा कळतो, नरांना मात्र कळत नाही. एकाच कळपात दोन्ही नांदतात. आणि कोस्टा रिकातल्या कापुचिन माकडांत असं आढळलंय, की पानाच्या रंगात मिसळून बसलेले किडे शोधण्यात हा फरक न कळणारीच सरस!

हे सगळं ताईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "अरे, त्याला किडे नाही पकडायचे, नोकरी करायचीय."

बरोबर आहे तिचं. आता भाचीसाठी स्थळं बघतायत. तिच्याकडेही नानांचा एक्स असू शकतो. सांगून टाकावं, असं माझं मत. ताईचं अजून ठरत नाहीये.