तालुक्याची बातमी, तालुक्याच्या आवाजात

३ ऑक्टोबर २०२४, गुरुवार

आज घटस्थापना. पहाटेपासून कमळजा मातेच्या दर्शनाला रीघ लागली आहे. गोमुखाच्या धारेखाली अंघोळ, मग लोणार सरोवराच्या विवराची उतरण, झाडी, आणि खाऱ्या पाण्याच्या काठावर देवीचं मंदिर. लोणारचं नवरात्र असं काठावरून तळाकडे उतरतं.

संध्याकाळी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याची बातमी आली. मन भरून आलं. आमच्या बाजूला महानुभावांची पोथी आणि वऱ्हाडी बोली दोन्ही घराघरांत आहेत. या बोलीतला माणूस स्वतःच्या गावाबद्दल बोलतोय, असं मात्र रेडिओवर फार क्वचित कानी पडतं. अकोला, परभणी, छत्रपती संभाजीनगर ही आकाशवाणीची केंद्रं आमच्या चहूबाजूंना आहेत आणि त्यांचे आमच्यावर उपकारही आहेत. पण एकेका केंद्राच्या वाट्याला कितीतरी तालुके. लोणारच्या वाट्याला किती मिनिटं येणार?

५ ऑक्टोबर, शनिवार

सोयाबीनची मळणी जोरात आहे. थ्रेशरची धूळ अंगावर घेऊन एक ओळखीचे काका घरी आले. "मास्तर, खरेदीची नोंदणी कवा सुरू होते? सातबारा ऑनलाइन लागते का? माल ओला म्हनून वापस त नाही करत?" यंदाचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये आणि बाजारात मिळतो तो त्याहून बराच कमी, हे त्यांना पाठ आहे. हमीभावाने विकायचं तर दाण्यात ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा, हेही माहीत आहे. आपल्या गावाला जवळचं खरेदी केंद्र कोणतं, ते कधी उघडणार, तिथे बारदाना आला का, एवढंच ठाऊक नाही. भाड्याचा ट्रॅक्टर भरून नेलेला माल परत आणावा लागला, तर तो खर्च कोण भरणार?

ही बातमी वर्तमानपत्राला पाठवली तर छापून येते, पण जिल्ह्याच्या पानावर, चार ओळींत, दुसऱ्या दिवशी. काकांना ती आज हवी होती.

७ ऑक्टोबर, सोमवार

जून २०२० आठवला. सरोवराचं पाणी गुलाबी झालं आणि टाळेबंदीतही लोणारचे फोटो जगभर गेले. इथे गल्लोगल्ली तर्क चालले होते. कुणी देवीचा कोप म्हणालं, कुणी रसायन मिसळलं म्हणालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि सांगितलं, की पाणी आटून क्षार वाढले, त्यात मीठप्रेमी सूक्ष्मजीव फोफावले आणि रंग त्यांचा आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरोवराला रामसर पाणथळ क्षेत्राचा मान मिळाला.

त्या दिवसांत गावाजवळ स्वतःचं ध्वनिक्षेपण केंद्र असतं, तर त्या संस्थेचा शास्त्रज्ञ वऱ्हाडी बाईच्या प्रश्नांना सरळ उत्तरं देत बसला असता. म्हशीला हे पाणी चालंल का? लेकरांनी हात लावला तर? प्रश्न साधे होते आणि खरेही होते. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने लोणारची नोंद केल्यापासून बाहेरचे लोक या विवराविषयी बोलत आहेत. जगाला सरोवर दिसतं. काठावर राहणाऱ्या माणसाला काय विचारायचंय, ते जगापर्यंत पोचत नाही.

१० ऑक्टोबर, गुरुवार

काल रात्री मुंबईत रतन टाटा गेले. काही मिनिटांत ती बातमी आमच्या गल्लीत होती आणि सगळे हळहळले. आज सकाळी शेजारच्या काकू मात्र गुंड-घागरी मांडून दारात उभ्या. "नळ आज येते का उद्या, कोनालेच माहीत नाही भाऊ." मुंबईची बातमी रात्रीच घरात आली, दोन गल्ल्यांपलीकडच्या टाकीची आली नाही. व्हॉट्सॲपच्या एका गटात नळ सकाळी येणार होता, दुसऱ्यात संध्याकाळी. कोणत्याही निरोपाखाली सांगणाऱ्याचं नाव नव्हतं. काकूंनी त्यापायी आजची मजुरी बुडवली.

विश्वासाने बातमी सांगणारा, सर्वांना माहीत असलेला, चुकला तर दुसऱ्या दिवशी विचारता येईल असा एक आवाज गावाला हवा. शिवाय तो फुकट ऐकता यावा. त्याला डेटा लागू नये आणि अक्षरओळखही लागू नये.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. सोनं वाटून झाल्यावर दुपारी अशा आवाजासाठी सामुदायिक रेडिओची टिपणं काढली.

१०० वॉटपर्यंतची प्रसारणशक्ती, जास्तीत जास्त ३० मीटर उंच मनोरा, आणि साधारण दहा-पंधरा किलोमीटरचा टापू. एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, म्हणून मनोरा उंचावर लागतो. लोणार शहर विवराच्या काठावरच वसलंय आणि भोवती पठार आहे. आसपासच्या गावांपर्यंत आवाज पोचवायला ही जागा चांगली.

आपल्याकडे हे घडलेलंही आहे. साताऱ्यातल्या म्हसवडला, माणदेशासारख्या दुष्काळी भागात, चेतना गाला सिन्हा यांच्या माणदेशी संस्थेने २००८ साली 'माणदेशी तरंग' सुरू केलं. सांगलीच्या जत तालुक्यातल्या जालिहाळहून 'येरळावाणी' बोलते. तिथल्या माणसांची जीभ मराठी-कानडी दोन्हींत फिरते आणि रेडिओचीही. बारामतीला कृषी विज्ञान केंद्राची शारदा कृषी वाहिनी आहे. माण आणि जत हे पावसाने कायम हुलकावणी दिलेले तालुके. त्यांना जमलं ते आम्हाला का जमू नये?

१५ ऑक्टोबर, मंगळवार

 

आजच्याच तारखेला २००८ साली तेलंगणातल्या मचनूरला 'संगम रेडिओ' सुरू झाला. चालवणाऱ्या दोघी, दोघींचं नाव नरसम्मा, दोघी दलित शेतकरी घरांतल्या. उद्घाटनाला आले होते न्यायमूर्ती पी. बी. सावंत. त्यांच्याच पीठाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल दिला होता, की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या निकालानंतरही सामुदायिक रेडिओ आधी शिक्षणसंस्थांपुरताच खुला झाला. गावच्या संस्थांना दार उघडायला २००६ उजाडलं.

एक कडी मात्र अजून लागलेलीच आहे. या केंद्रांना स्वतःची बातमी देता येत नाही, आकाशवाणीची जशीच्या तशी लावता येते. गावातल्या कामाचे पैसे कुठे गेले हे विचारणारी बातमी वर्तमानपत्र छापू शकतं, वाहिनी दाखवू शकते, मग गावचा रेडिओच का नको? 'कॉमन कॉज' संस्थेने २०१३ साली याच बंदीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ही बंदी उठली पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं.

पण ती उठेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. हवामान, रस्ते-वाहतूक, परीक्षा आणि निकाल, नोकरीच्या जागा, जत्रा-उत्सव आणि प्रशासनाने कळवलेली पाणी, वीज, आपत्ती, साथीचे आजार यांची माहिती यांना नियमांत 'बातमी' मानलेलं नाही. काकांचा हमीभाव केंद्राचा प्रश्न आणि काकूंचा नळाचा प्रश्न सुटायला एवढी मोकळीक पुरेशी आहे.

१६ ऑक्टोबर, बुधवार

कोजागरी. दूध आटेपर्यंत वहीत एका दिवसाचा कार्यक्रम मांडला.

सकाळी सहाला नळाचं आणि विजेचं वेळापत्रक, एसटीच्या बदललेल्या फेऱ्या. साडेसहाला मेहकर-लोणारचे बाजारभाव, हवामान, पिकावरची कीड. दुपारी बायकांचा तास, त्यात जात्यावरच्या ओव्या, बचतगट, आरोग्यसेविकेशी बोलणं. शाळा सुटल्यावर मुलं सरोवराबद्दल बोलतील. दैत्यसूदन मंदिराची शिल्पं, या पाणवठ्यावर येणारे पक्षी, सन २००० पासूनचं अभयारण्य, हे सगळं त्यांच्या तोंडून. रात्री भजनी मंडळ, वहीगायन, शाहिरी. निम्मा कार्यक्रम तरी इथेच तयार झालेला हवा, असा नियम आहे. इथे साहित्य इतकं आहे, की निम्म्यावर थांबणंच अवघड जाईल.

पैशाचा प्रश्न खरा आहे. यंत्रसामग्रीला काही लाख लागतात, त्यासाठी केंद्र सरकारची अनुदान योजना आहे. जाहिरातीची मुभा याच वर्षी तासाला ७ मिनिटांवरून १२ मिनिटांवर गेली. बी-बियाण्याचं दुकान, कापडाचं दुकान, मंगल कार्यालय असे गावातलेच जाहिरातदार जोडले तर विजेचं बिल निघेल. खरी अडचण माणसांची आहे. रोज वेळेवर येऊन माइकपुढे बसणारी, ऐकलेलं तपासून मगच सांगणारी आठ-दहा माणसं लागतील. त्यांत निम्म्या बाया हव्यात.

परवान्यासाठी नोंदणीकृत, नफा न कमावणारी, किमान तीन वर्षं काम केलेली संस्था लागते. शिक्षणसंस्था आणि कृषी विज्ञान केंद्रंही अर्ज करू शकतात. देशात आज अशी पाचशेच्या जवळ केंद्रं आहेत. लोणार तालुक्यातल्या महाविद्यालयांना, बचतगटांच्या संघांना, शेतकऱ्यांसाठी झटणाऱ्या संस्थांना माझी हात जोडून विनंती आहे, की दिवाळीनंतर एकत्र बसा आणि अर्ज भरा. मी येईन, आणि सकाळी सहाचं नळाचं वेळापत्रक रोज वाचायची जबाबदारी घेईन.