पाच वेळा काढलेला माणूस

बँकेत बावीस वर्षं काढल्यावर माणसाला हिशेबातलं फारसं कळेनासं होतं, पण साहेब मात्र नुसत्या पावलांच्या आवाजावरून ओळखता येतो. त्यामुळे बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नसूनही, न्यूयॉर्क यांकीज या संघाचे मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर यांच्याबद्दल मत देण्याचा मला पूर्ण अधिकार आहे असं मी समजतो.

गृहस्थ क्लीव्हलंडचे, धंदा जहाजांचा. १९७३ साली भागीदार जमवून त्यांनी सुमारे एक कोटी डॉलरला हा संघ घेतला आणि जाहीर केलं की रोजच्या कारभारात मी पडणार नाही, मी आपली जहाजं बांधीन. (आमच्याकडे नवा साहेबही पहिल्या दिवशी ‘मला तुमच्यातलाच एक समजा’ म्हणतो. दुसऱ्या दिवशी दहा वाजून एका मिनिटाने मस्टर त्याच्या केबिनमध्ये असतं.) मोसमाच्या सुरुवातीलाच राष्ट्रगीताच्या वेळी खेळाडूंनी टोप्या काढल्या आणि मालकांना केस दिसले! नावं ठाऊक नव्हती, म्हणून त्यांनी पाठीवरचे नंबर टिपून घेतले. झालं, नियम निघाला. केस कॉलरच्या वर, दाढी बंद, मिशी चालेल. २०१० साली मालक वारले, पण दाढीला परवानगी मिळायला २०२५ उजाडलं. ती त्यांच्या मुलानं दिली. आमच्या एका साहेबांनी लावलेली ‘पेन नेऊ नये’ ही पाटीही अशीच ते निवृत्त झाल्यावर टिकून आहे. पेन नाही.

तिथं मॅनेजर म्हणजे संघ चालवणारा गुरुजी. पहिल्या तेवीस मोसमांत मालकांनी वीस वेळा गुरुजी बदलले. १९८० साली डिक हाउझर नावाच्या बिचाऱ्यानं १०३ सामने जिंकून दिले, पण पुढच्या फेरीत तीन हरला. मालकांनी सांगितलं, त्यांना फ्लॉरिडात जमिनीच्या धंद्यात चांगली संधी आली आहे. याला आमच्याकडे ‘स्वतःच्या विनंतीवरून बदली’ म्हणतात.

न्यूजर्सीचा माझा मेहुणा या मालकावर अजून दातओठ खातो. स्वतःच्याच खेळाडूची कुलंगडी काढायला एका जुगाऱ्याला पैसे दिले म्हणून १९९० साली त्यांच्यावर बंदी आली. १९९३ ला ते परतले, पण मधल्या काळात संघानं निवांतपणे जी तरणी पोरं वाढवली, त्यांनी १९९६ पासून पाच वर्षांत चार अजिंक्यपदं आणली. साहेब रजेवर असताना शाखेचं काम चांगलं होतं, हे त्यासाठी अमेरिकेला जाऊन शिकायला नको.

मला मालकांपेक्षा नवल वाटतं ते बिली मार्टिनचं. १९७५ ते १९८८ या काळात हा माणूस त्याच मालकाकडे पाच वेळा लागला आणि पाचही वेळा बाहेर पडला. १९७८ च्या जुलैत त्यानं रडत रडत राजीनामा दिला, आणि पाचच दिवसांनी भर मैदानावर जाहीर झालं की तो परत येणार! दोघांनी मिळून बिअरची जाहिरातही केली. तिच्यातसुद्धा मालक त्याला काढतातच.

याउलट योगी बेरा. १९८५ साली अवघ्या सोळा सामन्यांनंतर त्यांना काढलं, तेही मालकांनी दुसऱ्याच्या तोंडून कळवलं. योगींनी पण केला, हा मनुष्य आहे तोवर त्या मैदानावर पाऊल ठेवणार नाही. आणि चौदा वर्षं ठेवलं नाही हो! चौदा वर्षं म्हणजे रामाएवढी. फरक इतकाच की १९९९ साली अयोध्याच उठून वनात आली. मालक स्वतः न्यूजर्सीला योगींच्या नावाच्या संग्रहालयात गेले आणि त्यांनी माफी मागितली. मालकांच्या सगळ्या चषकांपेक्षा मला ही हकीकत मोठी वाटते. आणि त्यातही, खरं सांगायचं तर, माफीपेक्षा ती चौदा वर्षं.

आपणही योगींसारखं वागावं असं माझ्या फार मनात आहे. गेल्या बढतीच्या यादीत माझं नाव नव्हतं, तेव्हा साहेबांशी चौदा वर्षं बोलायचं नाही असं मी सोमवारी ठरवलंही होतं. पण गुरुवारी रजेच्या अर्जावर सही हवी होती.