यल्लापूरचे सिद्दी : गाव विचारा, देश नको

हुबळीहून अंकोल्याकडे निघाले, की काळ्या मातीची सपाट शेते मागे पडतात आणि सह्याद्रीचे दाट रान सुरू होते. याच वाटेवर यल्लापूर लागते. बहुतेक प्रवासी येथे येतात ते मागोड आणि साथोडीचे धबधबे पाहायला. परंतु बाजारपेठेत पाऊल टाकताच नवख्याची नजर धबधब्यांआधी माणसांवरच खिळते. काळाभोर वर्ण, दाट कुरळे केस, आफ्रिकी चेहरेपट्टी. आणि तोंडात मात्र अस्सल कोकणी, त्यात मिसळलेले मराठी आणि कन्नड शब्द!

हे सिद्दी. यल्लापूर, हल्याळ, अंकोला, मुंडगोड या तालुक्यांच्या रानात त्यांच्या वाड्या विखुरल्या आहेत. १५१० साली गोवा जिंकल्यानंतर पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गुलाम आणले. त्यांच्यापैकी अनेकजण जीव मुठीत धरून घाटावरच्या जंगलात पळाले आणि तेथेच रुजले. आज त्यांच्यात हिंदू, ख्रिस्ती आणि मुसलमान असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत.

मराठी माणसाला तर हे चेहरे अनोळखी वाटू नयेत. १६१० साली खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवणारा मलिक अंबर इथिओपियात जन्मलेला आणि गुलाम म्हणून विकला गेलेला होता. जंजिऱ्याचे सिद्दी आपण शाळेतच वाचलेले असतात. तरीही हाच चेहरा बसमध्ये शेजारी बसला, की प्रश्न येतो, ‘‘तुम्ही कोणत्या देशाचे?’’

एकदा विचारले तर हसून उत्तर देता येते. पण रेल्वेत, लॉजवर, नोकरीच्या मुलाखतीत तेच ऐकावे लागले तर? ‘‘कन्नड छान बोलता हो!’’ या कौतुकाआडही तू येथला नाहीस, हेच असते. कोणी न विचारता केसांना हात लावतो, कोणी फोटो काढतो. मोठ्या शहरात तर ओळखपत्राऐवजी पासपोर्ट मागितला जातो. यातला एकेक प्रसंग सांगायला गेले तर क्षुल्लक वाटतो, म्हणून तक्रारही करता येत नाही. पण पायात रुतलेले बारीक कुसळ जसे प्रत्येक पावलाला टोचते, तसे हे असते. चारशे वर्षे ज्या मातीत पूर्वज पुरले गेले, तेथेच रोज आपण पाहुणे नसल्याचा पुरावा द्यायचा!

सरकारची नजरही कधीकधी याच चष्म्यातून पडली. १९८७ साली भारतीय क्रीडा प्राधिकरणाने सिद्दी मुलामुलींना धावपटू बनवण्याची योजना आखली. आफ्रिकी वंशाचे म्हणजे खेळात पुढे असणारच, हा त्यामागचा हिशेब. काहींनी पदकेही आणली. पण थोड्याच वर्षांत योजना गुंडाळली गेली आणि मुले पुन्हा रानातल्या मजुरीकडे वळली. उत्तर कन्नडच्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला २००३ साल उजाडले. २०२० साली शांताराम सिद्दी कर्नाटकच्या विधान परिषदेवर गेले. समाजाचा हा पहिला आमदार.

यल्लापूरला गेलात तर सिद्दी बायकांनी शिवलेली कवंद अवश्य पाहा. आपल्या गोधडीची ही सख्खी बहीण. जुन्या लुगड्यांचे, सदऱ्यांचे रंगीबेरंगी तुकडे कडेपासून मध्याकडे धावदोऱ्याने जोडत नेतात. शेवटी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची ‘फुले’ बसवतात. फुलांवाचून कवंद उघडी समजली जाते. आवडली तर योग्य दाम देऊन घ्या. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा.

आणि बोलायला सुरुवात कशी करावी, असा प्रश्न पडला तर आपली जुनी रीत आहेच. अनोळखी माणूस भेटला, की आपण विचारतो, ‘‘गाव कोणतं तुमचं?’’ सिद्दी माणसालाही तेच विचारा. तो वाडीचे नाव सांगेल, तालुका सांगेल, यंदा पाऊस कसा झाला तेही सांगेल.