ऐरणीची भाषा

आम्हा सीमेवरच्या माणसांना एकाच वस्तूची दोन नावे ठाऊक असतात. तलमडुगुत लोहाराला कोणी लोहार म्हणतो, कोणी ‘कम्मरी’; भट्टीला ‘कोलिमी’, हातोडीला ‘सुत्ती’, विळ्याला ‘कोडवली’. १९५६ साली आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट, राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्याचे इस्लापूर सर्कल तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. आम्ही अलीकडे राहिलो. नकाशावर रेघ उमटली, पण विळा दोन्हीकडे त्याच ज्वारीवर चालत राहिला.

तीन वर्षांपूर्वी माझा एक विद्यार्थी दहावी होऊन कॉलेजात न जाता एका तेलुगू लोहाराच्या हाताखाली राहिला. त्याची आई शाळेत आली. म्हणाली, “सर, लोहारच व्हायचं होतं तं दहा वर्सं शाळेत काहून पाठवलं म्या?” प्रश्न रास्त होता. उत्तर शोधण्यासाठी शाळा सुटल्यावर मी त्या भट्टीवर जाऊन बसू लागलो.

नवशिक्याला वाटते, आधी भलीमोठी ऐरण हवी, दहा हातोड्या हव्यात. उस्तादाने त्याला भंगारातला एक जाड लोखंडी ठोकळा दिला, तो लाकडाच्या ओंडक्यात पक्का बसवून घेतला आणि किलोभर वजनाची एकच हातोडी हाती दिली. बाकीची अवजारे त्यानेच घडवायची! पहिले काही आठवडे नुसता पंखा फिरवणे आणि कोळसा सारणे. मग सळईला टोक काढणे, मग आकडा, मग छिन्नी. आपली सांडशी आपण घडवली, तेव्हा कुठे त्याची उमेदवारी खरी सुरू झाली.

मुलाला तेलुगू बोलता येई, पण घणाच्या आवाजात बोलणे ऐकू येते कोणाला? उस्ताद डाव्या हाताने सांडशी धरतो आणि उजव्या हातातली छोटी हातोडी तापल्या लोखंडावर हलकेच टेकवतो. जिथे ती टेकली, तिथेच घण पडायचा. हातोडी नुसत्या ऐरणीवर वाजली, की थांबायचे. दोन भाषांच्या वादात आयुष्य गेलेल्या मला ही तिसरी भाषा ऐकून मोठे नवल वाटले.

विळ्यासाठी ट्रकची मोडकी कमान घेतात, कारण साध्या सळईत कार्बन कमी. तिला पाणी चढत नाही. पाणी द्यायची वेळ उस्ताद लोखंडाच्या लालीवरून ओळखतो. म्हणूनच लोहारसाळ अंधारी असते. मुलाने एक चुंबक तारेला बांधून आणले. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला लोखंड चुंबकाला चिकटेनासे होते, हे त्याने शाळेत ऐकले होते. उस्तादाने मान हलवली त्याच सुमारास चुंबकाची ओढ सुटली. अनुभव आणि पुस्तक एकाच ऐरणीवर आले. पाणी दिलेला विळा काचेसारखा ठिसूळ होतो. म्हणून तो घासून पुन्हा मंद आचेवर धरतात आणि पृष्ठावर गवती पिवळा रंग चढला, की थांबतात.

ही विद्या या मुलखाला परकी नाही. निजामाबादकडच्या कोनसमुद्रमला मुशीत पोलाद होई आणि ते इराणपर्यंत जाई. भारतातल्या अशा पोलादाचे पृथक्करण १८१९ साली खुद्द फॅरडेने केले. तेलुगूत पोलादाला ‘उक्कु’ म्हणतात. ज्या धंद्याने इतके नाव कमावले, तो पत्करणे म्हणजे अधोगती, असे आम्ही शिकल्यासवरल्यांनी कधी ठरवले?

अडचणी आहेतच. बाजारात तयार विळे स्वस्त मिळतात, सोयाबीन मळणीयंत्रात जाते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत लोहारकाम आहे, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साह्यही आहे. पण अवजार पैशाने येते. हात माणसाकडूनच घ्यावा लागतो. आमचा उस्ताद थकला आहे आणि त्याची स्वतःची मुले शहरात आहेत. डवऱ्याची पास आणि कुऱ्हाडीची धार पुढे कोणाच्या हाती राहणार, हा प्रश्न पंचक्रोशीतल्या प्रत्येक शेतकऱ्याचा आहे.

त्या माउलीला मी इतकेच सांगितले: “बाई, त्याची शाळा सुटली नाही, गुरू तेवढे बदलले.” तिला ते पूर्ण पटले, असे नाही. पण यंदा निंदणाचा विळा तिने मुलाकडूनच करून घेतला.