दाखवणाऱ्याचे बोट

मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याची पक्ष्यांशी ओळख बहुधा पुस्तकातच होते. चकोर, चातक, राजहंस, गरुड ही मंडळी त्याला उपमानांच्या वेषात भेटतात. ज्ञानेश्वरीतला चकोर चंद्रकिरणांवर जगतो. प्रत्यक्षातला चकोर हिमालयाच्या कोरड्या, खडकाळ उतारांवर दाणे टिपणारा तित्तिरकुळातला पक्षी आहे, हे ठाऊक नसले म्हणून ओवीचा अर्थ लावताना काही अडत नाही. काव्यसंकेताला पिसे नसली तरी चालते. पण ज्यांचे रानावाचून आणि समुद्रावाचून खरोखरच अडत होते, त्यांनी या जिवांना कसे ओळखले असेल? गेल्या फाल्गुनाच्या अखेरीस पदव्युत्तर वर्गातल्या नऊ विद्यार्थ्यांबरोबर कोकणात पक्षिनिरीक्षणाच्या एका सहलीला गेलो, तेव्हापासून हा प्रश्न मनात घर करून आहे. दोन दिवस समुद्रकाठी, दोन दिवस सह्याद्रीच्या पायथ्याशी. आणि दोन्हीकडे वाटाड्या त्या त्या गावचाच.

वेळास हे मंडणगड तालुक्यातले, बाणकोटच्या खाडीजवळचे गाव. इतिहासात ते नाना फडणविसांचे गाव म्हणून येते. अलीकडे त्याची ख्याती कासवांमुळे आहे. पहाटे किनाऱ्यावर चिखल्यांचे थवे होते. हे हिवाळी पाहुणे. परतीची वेळ जवळ आली की यांतल्या काहींच्या छातीवर विटकरी रंग चढू लागतो. तो विणीचा साज. पण वीण होते दूर उत्तरेत. नटून झाले की पाहुणा निघून जातो! वाटाड्याने बोट दाखवून हे सांगितले नसते, तर आम्हांला वाळूच्या रंगाचे पळते ठिपके तेवढे दिसले असते.

ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री या किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात परतते. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले आपली आपण वर येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली येथे संरक्षणाचे काम सुरू केले. त्याआधी ही अंडी खाण्यासाठी व विकण्यासाठी काढली जात. उरलेली कुत्री-कोल्हे उकरीत. आता ती कुंपणाच्या आत, तेवढ्याच खोल खड्ड्यांत पुरतात, वर टोपली झाकतात आणि सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून पाहतात. त्या सकाळी टोपलीखाली नुसती वाळू निघाली. संध्याकाळी चार पिल्ले.

आमचे तिथले वाटाडे साठीच्या पुढचे होते. हातात एक बारीक काठी. मादीचा माग जिथे संपतो, तिथे वाळूत ती हलकेच खुपसायची. जिथे सहज आत जाते, तिथे खाली अंडी. ही विद्या कुठे शिकलात, असे एका विद्यार्थिनीने विचारले. ते म्हणाले, "बाय, लहानपणी वडलांबरोबर अंडी काढायला जायचो ना, तेव्हापासूनची."

त्यांच्या स्वरात लाज नव्हती आणि अभिमानही नव्हता. मुले गप्प झाली. मला मात्र त्या उत्तरात निसर्गलेखनाबद्दलचे एक मोठे सत्य दिसले. कासव वाचवण्याच्या कामी आलेले ज्ञान मुळात अंडी काढणाऱ्याचे होते. आधी गरज, गरजेतून नजर, आणि प्रेम जडलेच तर त्यानंतर. निसर्गकविता शिकवताना आपण हा क्रम बरोबर उलटा गृहीत धरतो: आधी हळवे मन, मग निरीक्षण, आणि उपजीविकेचा तर उल्लेखच नाही.

तिसऱ्या दिवशी किनारा सोडून दक्षिणेला, देवरुखकडे निघालो. मार्लेश्वरच्या अलीकडे सह्याद्रीची भिंत समोर उभी राहते. पांगारा फुलला होता आणि मधासाठी त्यावर मैना, कोतवाल, शिंजीर यांची झुंबड उडाली होती. इथला वाटाड्या तिशीतला तरुण. एकाएकी डोक्यावर पंखांचा घरघरता आवाज झाला आणि तो म्हणाला, "सर, तो बगा गरुड!"

आमच्या मुलांच्या डोळ्यांपुढे विष्णूचे वाहन उभे राहिले असणार. प्रत्यक्षात पिवळ्याधमक चोचीवर शिरस्त्राण वागवणारा महाधनेश पलीकडच्या उंबरावर उतरत होता. "पुस्तकातलं नाव धनेश," तो म्हणाला, "आमच्याकडे गरुडच म्हणतात."

देवराईतल्या एका जुन्या बेहड्याच्या ढोलीत त्याची मादी होती. मादी आत शिरली की विष्ठा आणि फळांचा गर यांनी ढोलीचे तोंड लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. नर उंबर-वडाची फळे गळ्यात साठवून आणतो आणि एकेक करून त्या फटीतून देतो. तो मारला गेला तर आतल्यांची उपासमार ठरलेली. आम्ही दूर आडोशाला दोन तास बसलो. नर तीनदा आला.

मग त्या तरुणाचे बोट पलीकडच्या उतारावर गेले. तिथे नुसते बुंधे होते. रत्नागिरी जिल्ह्यातले बहुतेक रान खाजगी मालकीचे. देवराईतले झाड देवाच्या धाकाने टिकते. बाहेरच्या झाडाला सातबारा असतो, त्यावर बारा नावे असतात आणि त्यांतली आठ मुंबईत. ठेकेदार भाव सांगतो तो लाकडाचा. "घर शाकारायचं असलं की माणूस देतो तोडायला," तो म्हणाला. "झाडात गरुड राहतो, हे कागदावर कुठं येतच नाही, सर."

हे कागदावर आणणे हे कोणाचे काम? मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातल्या नोकरीच्या काळात रानातल्या माणसांकडून ऐकून शब्द जमवले, त्यांतून 'पक्षिकोश' उभा राहिला; २००६ च्या सोलापूर संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. २०२५ साली ते गेले. त्यांचा गौरव आपण केला. त्यांची रीत मात्र आपल्या भाषाविभागांत फारशी रुजली नाही. प्रत्येक बोलीनाव हा कोणाच्या तरी गरजेचा दस्तऐवज असतो. पावशाच्या हाकेत आपल्या शेतकऱ्याला 'पेर्ते व्हा' ऐकू आले. त्याच सुरांत इंग्रजाला मेंदूचा ज्वर ऐकू आला. पक्षी एकच, ऐकणाऱ्याचे जगणे वेगळे. प्रमाण नाव हवेच, त्यावाचून शास्त्र चालणार नाही. पण 'गरुड' पुसून नुसता 'महाधनेश' उरला, तर त्या झाडाखाली राहणाऱ्या माणसाचा त्या पक्ष्याशी असलेला संबंधही यादीतून गळेल. आणि झाड तोडावे की ठेवावे, हे शेवटी तोच ठरवणार आहे.

परतीच्या प्रवासात मुले पक्ष्यांची यादी पक्की करत होती. इंग्रजी नाव, मराठी नाव, ठिकाण, वेळ असे रकाने आधीच छापलेले होते. एका मुलाने पट्टीने आणखी दोन आखले. पहिल्यावर लिहिले, 'गावातले नाव'. दुसऱ्यावर, 'कोणी दाखवला'.