सार्वजनिक घर

आमच्या चंद्रपूरला परकोट आहे. घेर सुमारे ११ किलोमीटर. ४ दरवाजे आणि ५ खिडक्या. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर ही नावं इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतात, कारण ऑटोवाल्याला पत्ता सांगायचा तर हीच सांगावी लागतात. गोंड राजांचं राज्य १७५१ साली संपलं, पण गाव अजून त्यांच्याच दरवाज्यांतून ये-जा करतं.

हा तट मध्यंतरी झाडाझुडपांत पार बुडाला होता. २०१७ च्या मार्चपासून इको-प्रो संस्थेच्या पोरांनी रोज सकाळी श्रमदान करून तो मोकळा केला. पंतप्रधानांनी त्याच वर्षी ‘मन की बात’मध्ये त्यांचं कौतुकही केलं. आता तटावर चालता येतं. आमच्यासारख्या सत्तरीतल्या बायांनाही, जरा दमानं!

गेल्या जानेवारीत आम्ही चौघी निघालो. चौघीही निवृत्त शिक्षिका. एक गणिताची, एक नुकतीच मुलाकडे इंग्लंडला राहून आलेली, एक सकाळच्या एसटीनं गडचिरोलीहून आलेली, आणि मी मराठीवाली.

आधी अंचलेश्वर दरवाज्याजवळची बीरशाहाची समाधी बघितली. ती त्याच्या राणीनं, हिराईनं बांधली. नवरा गेल्यावर दत्तक मुलाच्या नावानं तिनं राज्य चालवलं. महाकालीचं देऊळही तिचंच. गडचिरोलीवाली समाधीपाशी बराच वेळ उभी होती. आम्ही कुणी काही विचारलं नाही.

मग तटावर चढलो. इंग्लंडवालीच्या तोंडाला विसावा नव्हता.

“आमच्या नॉटिंगहॅमला किल्ल्याच्या खडकालाच लागून एक पब आहे. आतल्या काही खोल्या चक्क खडकात कोरलेल्या. भिंतीवर ११८९ साल लिहिलंय, खरंखोटं देव जाणे. किल्ला बघायचा आणि तिथं जाऊन बसायचं, अशी रीतच आहे.”

“तू पबात गेली?” गणितवाली जागीच थांबली.

“अगं, आपण समजतो तसं नाही ते. माझ्या वयाची एक बाई एकटीच पेपर वाचत बसली होती. लेकरंबाळं होती. मी चहा मागितला, तर चहा दिला!”

आम्ही हसलो. गडचिरोलीवाली हसली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, “आमचे हे १९९१ साली गेले. दारूनं. जिल्ह्यात बंदी आली १९९३ साली. दोन वर्षं आधी आली असती तर काय झालं असतं, हे गणित मी अजून सोडवते.”

गणितवालीनं तिचा हात धरला.

दारूबंदीवर आमच्याकडे भांडणं पुष्कळ झाली. चंद्रपुरात ती २०१५ च्या एप्रिलमध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. गडचिरोलीत अजून आहे. चोरून मिळते, बंदीनं काय साधलं, असं लोक म्हणतात. मी तेच म्हटलं, तर ती म्हणाली, “मिळते, ठाऊक आहे. पण दारासमोर दुकान नाही, हे काही थोडं नाही, बाई.”

ह्यावर बोलायला माझ्याकडे काही नव्हतं.

खाली उतरून जटपुरा गेटकडे आलो. एका टपरीवर आलुबोंडा-रस्सा आणि चहा सांगितला. बसायला बाकडं एकच. त्यावर पुरुष बसलेले. आम्ही उभ्यानंच खाल्लं. तेव्हा गडचिरोलीवालीच इंग्लंडवालीला म्हणाली, “तुझ्या त्या पेपरवाल्या म्हातारीसारखं बसायला आपल्याकडे जागा कुठं आहे, सांग. मला दारू नको. ती खुर्ची पाहिजे.”

पब म्हणजे पब्लिक हाउस. शब्दशः सार्वजनिक घर. हे मी किती वर्षं नुसतं वाचत होते, त्याचा अर्थ त्या टपरीसमोर कळला. पुरुषांना पानठेला आहे, चौक आहे, पिंपळाचा पार आहे. बायांना देऊळ. तिथंही पाय लांब करून तासभर गप्पा ठोकल्या तर लोक बघतात. आम्हा चौघींना अशी एक जागा होती. शाळेची स्टाफरूम. डबे उघडायचे, सासूचं गाऱ्हाणं सांगायचं, पेपर तपासता तपासता रडूनही घ्यायचं. पेन्शन सुरू झाली आणि ते घर बंद झालं. पैसे दर महिन्याला येतात हो, पण स्टाफरूम येत नाही.

तुमच्या गावात आहे का अशी जागा? असेल तर तुम्ही नशीबवान.

आम्ही तूर्त एवढंच ठरवलं की महिन्यातून एकदा भेटायचं. पुढची पाळी गडचिरोली जिल्ह्याची. आरमोरीजवळच्या वैरागडचा किल्ला बघायचा. तिथल्या हिऱ्यांच्या खाणींची एकेकाळी दूरवर ख्याती होती. हिरे आता आम्हाला काय करायचे? गडचिरोलीवालीनं सांगितलंय, “बसायला चटई मी आणते.”